ठाणे खाडीच्या राखणीसाठी कायमचा निधी हवा: दोन महापालिकांना खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त व सर्व लोकप्रतिनिधी,
ठाणे महानगरपालिका आणि नवी मुंबई महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

ठाणे खाडीसाठी दोन्ही महापालिकांनी मिळून एक कायमस्वरूपी निधी स्थापन करावा, ही मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पर्यावरण दिनाच्या लागवडीपुरता निधी मला अभिप्रेत नाही, तीन वर्षांत गुंडाळला जाणारा प्रकल्पही नाही. दरवर्षी ठरलेल्या वाटेने पैसे जमा व्हावेत, ते खाडीच्या राखणीवर खर्च व्हावेत आणि त्यातला एक हिस्सा ठेव म्हणून बाजूला पडत राहावा, एवढी साधी रचना आहे. कांदळवने, चिखलाचे पट्टे, पावसाचे पाणी धरून ठेवणारे होल्डिंग पाँड, नाल्यांची मुखे ही सगळी पावसाळ्यात आपल्याला वाचवतात. त्यांची गणना पालिकेच्या मालमत्तेत व्हावी आणि पुलाची किंवा जलवाहिनीची होते तशी त्यांची देखभाल व्हावी.

मी ऐरोलीत राहते. नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली. निवृत्तीनंतर समुद्रातल्या छोट्या देशांनी आपले किनारे राखायला पैसा कसा उभा केला, याचा अभ्यास करत आले आहे. त्यांचे व्यवहार जसजसे समजत गेले तसतसे आपल्या दोन शहरांचे प्रश्न अधिक स्पष्ट दिसू लागले.

बेटांशी आपला काय संबंध, असे कुणी विचारील. ठाण्याचे जुने गाव साष्टी बेटावरच आहे. कळव्याचा पूल ओलांडला की बेट संपते, पण पुलावरच्या गर्दीत ते कुणाला जाणवत नाही. नवी मुंबई मुख्य भूमीवर असली तरी तिचे बरेच नोड, म्हणजे उपनगरे, खाजणात भराव घालून वसवलेले आहेत आणि त्यातला काही भाग मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली आहे. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की नाल्यांचे पाणी खाडीत उतरू शकत नाही, ते उलटे वस्तीत चढते. वंदना टॉकीजच्या परिसरातल्या आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून जाणाऱ्या लोकांना हे मी समजावून सांगायची गरज नाही. समुद्राची पातळी वाढते आहे आणि पाऊस थोड्या तासांत जास्त पडू लागला आहे, म्हणजे ही गाठ यापुढे वारंवार पडणार.

होल्डिंग पाँडबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा अर्थ तिथे सापडतो. सिडको या सरकारी संस्थेने नवी मुंबई आखताना खाडीच्या कडेने हे धारण तलाव ठेवले. कल्पना फार चांगली होती. भरती चढू लागली की तलावाच्या तोंडाची झडप खाडीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते, शहरातले पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटी लागली की झडप उघडते आणि पाणी खाडीत निघून जाते. पेण-अलिबागच्या खारेपाटात शेतकरी बांधाला ‘उघाडी’ ठेवतात, तिचेच हे शहरी रूप. पंप नको, वीज नको. पण या व्यवस्थेचा जीव तलावाच्या खोलीत आहे. भरतीबरोबर गाळ येतो, नाल्यांतून कचरा आणि राडारोडा येतो, आणि तलाव उथळ होत जातो. गाळावर तिवरे, म्हणजे कांदळवनाची झाडे, रुजतात. मग गाळ काढायचा म्हटले की तिवरे तोडावी लागतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर सार्वजनिक हिताच्या कामासाठीसुद्धा न्यायालयाची परवानगी घेतल्याशिवाय कांदळवनाला हात लावता येत नाही. तो निकाल योग्यच आहे, आणि तलाव उपसणेही गरजेचे आहे. तलाव वेळच्या वेळी उपसला जात राहिला, तर तिवरांना त्यात रुजायला जागाच राहत नाही. देखभाल खोळंबली की पर्यावरणप्रेमी आणि अभियंते एकमेकांसमोर उभे राहतात, वर्षे न्यायालयात जातात आणि तेवढे पावसाळे पाणी घरात येते.

उलट चित्रही आपल्याकडेच आहे. नेरुळच्या डीपीएस तळ्यात खाडीचे पाणी आत यायची वाट बंद झाली आणि २०२४ मध्ये तिथल्या फ्लेमिंगोंच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. एका ठिकाणी गाळ जास्त, दुसऱ्या ठिकाणी पाणी कमी. दोन्हीकडे काम तेच आहे: पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे. या कामाचे उद्घाटन होत नाही, फीत कापता येत नाही, म्हणून त्याला पैसा मिळत नाही. लागवडीला मिळतो.

लागवडीवरच्या या भरवशाचे काय होते, ते श्रीलंकेने पाहिले आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तिथे किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात कांदळवने लावली गेली, देशोदेशीच्या मदतीचा पैसा आला. पुढे संशोधकांनी अशा २३ ठिकाणांची पाहणी केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले की ९ ठिकाणी एकही रोप जगले नव्हते. लागवड झाली होती १,००० हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर, आणि यश पदरात पडले ते सुमारे २०० हेक्टरांवर. जागा चुकीची, पाण्याची पातळी चुकीची, लावल्यानंतर कुणी फिरकले नाही, गुरांनी खाल्ले. तिवराचे बी भरतीच्या पाण्यावर तरंगत येते आणि योग्य चिखल मिळाला की स्वतः रुजते, त्याला माणसाच्या हाताची गरज बहुतेक वेळा लागत नाही. त्याला गरज असते ती भरतीचे पाणी पोचण्याची आणि कुणी भराव न टाकण्याची. हा अनुभव डोळ्यांसमोर असताना आपण रोपांच्या संख्येवर यश मोजत राहणे मला पटत नाही.

आता पैशाकडे येते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात निसर्गाधारित उपायांवर वर्षाला सुमारे २०० अब्ज डॉलर खर्च होतात आणि त्यातला ८२ टक्के पैसा सरकारी असतो. खासगी गुंतवणूक येईल आणि खाडी वाचवील, अशी वाट बघत बसण्यात अर्थ नाही, हे या एका आकड्यावरून कळते. बेटांवरच्या देशांना हे आधी कळले, कारण त्यांच्याकडे वाट बघायला वेळ नव्हता.

सेशेल्सचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. हिंदी महासागरातला हा देश, लोकसंख्या जेमतेम एक लाख. आपली दोन शहरे मिळून २०११ च्या जनगणनेतच २९ लाखांच्या पुढे होती. २००८ मध्ये सेशेल्सला परदेशी कर्जाचे हप्ते भरता आले नाहीत, देश दिवाळखोरीत गेला. त्यानंतर २०१६ मध्ये ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेच्या मदतीने त्याने इतर देशांच्या सरकारांकडचे २.१६ कोटी डॉलरचे कर्ज थोड्या सवलतीत सोडवून घेतले. त्या कर्जाचे हप्ते आता देशातल्याच एका न्यासाकडे जातात. कर्ज सोडवण्यासाठी उसनी घेतलेली रक्कम न्यास त्यातून फेडतो, किनारा आणि समुद्र राखण्याच्या कामांना अनुदान देतो आणि काही भाग कायम ठेवीत टाकतो. बदल्यात देशाने आपल्या सागरी क्षेत्राचा ३० टक्के भाग संरक्षित करायचे वचन दिले आणि २०२० मध्ये ते पूर्ण केले. २०१८ मध्ये याच देशाने १.५ कोटी डॉलरचे ‘निळे रोखे’, म्हणजे समुद्राच्या कामांसाठीचे कर्जरोखे, काढले. जागतिक बँकेची अंशतः हमी आणि जागतिक पर्यावरण सुविधेचे सवलतीचे कर्ज पाठीशी असल्यामुळे साडेसहा टक्क्यांचा व्याजाचा भार २.८ टक्क्यांच्या आसपास उतरला.

या व्यवहारांवर टीकाही झाली आहे. अशा कर्जबदलात सल्लागारांचा आणि वकिलांचा खर्च मोठा होतो, आणि बेटांच्या एकूण कर्जाच्या मानाने रक्कम किरकोळ असते. दोन्ही आक्षेप खरे आहेत. आपल्या महापालिकांवर परदेशी सरकारांचे असे कर्जही नाही, त्यामुळे तो व्यवहार उचलून इथे आणता येणार नाही. त्यातली ठेव मात्र आणता येते. कर्ज विभागात इतकी वर्षे काढल्यावर मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: ज्या मालमत्तेच्या देखभालीची तरतूद कागदावर नाही, ती मालमत्ता तारण म्हणूनही टिकत नाही. सेशेल्सने ती तरतूद कायद्याने न्यासात बांधली, सरकार बदलले तरी कुणाला ती दुसरीकडे वळवता येऊ नये म्हणून.

मालदीवचे उदाहरण तिथे सहलीला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या पुष्कळांना ओळखीचे असेल, फक्त लक्षात आले नसेल. २०१५ च्या नोव्हेंबरपासून तिथे पर्यटकांवर हरित कर लागतो, रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री ६ डॉलर. २०२५ पासून मोठ्या रिसॉर्टना तो १२ डॉलर झाला. पलाऊ हा प्रशांत महासागरातला देश पाहुण्याच्या विमान तिकिटातच १०० डॉलरचे पर्यावरण शुल्क घेतो. जो समुद्राचे सौंदर्य बघायला येतो, त्याने समुद्र राखायला हातभार लावावा, एवढाच हिशेब.

आपल्याकडे हा हिशेब कुणाला लागू होतो? पाम बीच रस्त्याला, ऐरोलीला, कोलशेत आणि घोडबंदरच्या बाजूला खाडीकडे तोंड असलेल्या फ्लॅटना चढा भाव मिळतो. तो भाव खाडीने आणि तिवरांनी मिळवून दिला आहे, बिल्डरने नव्हे. म्हणून माझी सूचना अशी: खाडीपासून ठराविक अंतरातल्या नव्या बांधकामांकडून पालिका विकास शुल्क आणि जादा चटईक्षेत्राचे जे अधिमूल्य घेते, त्यातला थोडा हिस्सा सर्वसाधारण सभेच्या ठरावाने थेट खाडी निधीत जावा. नवा कर लावायचा नाही, आलेल्या पैशातला वाटा बांधून टाकायचा. बांधकाम मंदावले की ओघ आटेल, म्हणून चांगल्या वर्षांत ठेव वाढवायची.

दुसरा स्रोत सरकारी आहे आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. पंधराव्या वित्त आयोगाने आपत्तीच्या निधीतला २० टक्के भाग आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी, म्हणजे सौम्यीकरणासाठी, वेगळा काढला. आयोगाने हेही स्पष्ट म्हटले की हा पैसा स्थानिक पातळीवरच्या, लोकसहभागाच्या, पर्यावरणपूरक कामांसाठी आहे. किनाऱ्यावरच्या भिंती आणि मोठे बंधारे नेहमीच्या योजनांतून करावेत. होल्डिंग पाँडच्या तोंडाचा गाळ काढणे, बुजलेल्या उपखाड्या मोकळ्या करणे, रस्त्याखाली भरतीच्या पाण्यासाठी मोऱ्या टाकणे ही कामे या चौकटीत नेमकी बसतात. दोन्ही पालिकांनी ठाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत एकत्र प्रस्ताव पाठवावा. केंद्राची २०२३ ची ‘मिष्टी’ योजना कांदळवनांसाठीच आहे, तिचाही विचार व्हावा, पण मघाशी लिहिलेला लागवडीचा धोका ध्यानात ठेवून.

रोख्यांचा विषय निघतोच, कारण इंदूरने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठीचे कर्जरोखे, काढले आणि पिंपरी-चिंचवडनेही २०२५ मध्ये २०० कोटींचे काढले. रोख्यांना माझा विरोध नाही, पण सावधपणे बोलायला हवे. रोखा म्हणजे कर्ज. कांदळवन कुणाला बिल पाठवत नाही, मग परतफेड कशातून होणार? इंदूरने सौर प्रकल्पासाठी पैसे घेतले, तिथे विजेचा खर्च वाचतो. नवी मुंबईकडे तशी एक बाजू आहे: सांडपाण्यावर अधिक प्रक्रिया करून ते उद्योगांना विकणे. कोपरखैरणे आणि ऐरोलीत त्याची सोय उभी राहिली आहे. ती वाढवायला रोखे काढा, विकलेल्या पाण्याच्या उत्पन्नातून फेड करा आणि उरलेल्या उत्पन्नाचा हिस्सा खाडी निधीला द्या. खाडीत जाणारी घाण कमी होईल, हा फायदा वेगळाच. कांदळवनांच्या नावाने थेट रोखे काढून व्याज करदात्यांवर टाकू नका.

कार्बन क्रेडिटचे, म्हणजे कार्बन रोखल्याबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांचे, सल्लागारही आपल्याकडे येतील. तिवरांच्या मुळाखालच्या चिखलात कार्बन खूप साठतो, हे शास्त्रीय सत्य आहे. पण क्रेडिट मिळते ते एरवी झाले नसते अशा कामाला. आपली कांदळवने कायद्याने आणि न्यायालयाच्या आदेशाने आधीच संरक्षित आहेत. ती न तोडल्याबद्दल पैसे मागायला जागा उरत नाही. पुनरुज्जीवनाच्या कामातून काही मिळाले तर जरूर घ्यावे. त्यावर निधीचा पाया मात्र उभारू नये.

भरपाईच्या लागवडीबद्दलही असेच. बुलेट ट्रेनसाठी उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई, ठाणे आणि पालघरमधल्या कांदळवनांची सुमारे २२ हजार झाडे तोडायला परवानगी दिली, बदल्यात लागवडीची अट असते. प्रकल्प गरजेचा असेल, न्यायालयाने विचार करूनच निर्णय दिला असेल. पण दुसऱ्या तालुक्यात लावलेले झाड ठाण्याच्या नाल्याच्या तोंडाशी आलेली भरती अडवू शकत नाही. जिथे संरक्षण गेले, तिथल्याच खाडीत काही पैसा यावा, असा आग्रह दोन्ही पालिकांनी राज्य सरकारकडे धरावा.

निधीवर कोण बसणार, हा प्रश्न पैशाइतकाच महत्त्वाचा आहे. आज खाडीचे तुकडे झाले आहेत. कांदळवने वन विभागाकडे, २०१५ मध्ये जाहीर झालेले फ्लेमिंगो अभयारण्यही त्यांच्याकडे, नाले पालिकांकडे, काही जमिनी सिडकोकडे, कारखान्यांचा पट्टा एमआयडीसीकडे. २०२२ मध्ये ६,५२१ हेक्टरांचे हे क्षेत्र रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले, आपल्याला अभिमान वाटला, पण भरतीला विभागांच्या हद्दी ठाऊक नसतात आणि काम नेमके हद्दीवर अडते. निधीच्या मंडळावर दोन्ही पालिका, वन विभागाचा कांदळवन कक्ष, एक जलशास्त्राचा जाणकार आणि खाडीवरचे कोळी व आगरी यांचे प्रतिनिधी असावेत. त्यांना मताचा अधिकार असावा, निमंत्रिताची खुर्ची नको.

चेंदणी, वाशीगाव, सारसोळे, करावे, दिवाळे इथल्या माणसांना खाडी जितकी कळते तितकी कुठल्याही अहवालाला कळलेली नाही. कुठली उपखाडी कधी बुजली, भराव कुठून टाकला गेला, निवटी कुठे दिसेनाशी झाली, जिताडा आणि चिंबोरी कुठे अजून मिळते, हे ते तोंडपाठ सांगतील. प्रदूषणामुळे त्यांची मासेमारी खालावली आहे. निधीचा सर्वांत मोठा नियमित खर्च त्यांच्या मजुरीवर व्हावा, असे मी म्हणेन: झडपांची पाहणी, उपखाड्यांतले प्लास्टिक आणि जाळी काढणे, रात्री डंपर येतात तिथली राखण, पाण्याच्या पातळीची नोंद. खारेपाटात पूर्वी शेतकरी ‘जोळ’ करून समुद्राकडचे बांध सगळ्यांच्या श्रमाने राखत. ती पद्धत मोडली आणि बांध फुटून शेते खारी झाली, हे रायगडमधल्या जुन्या माणसांनी पाहिले आहे. सामूहिक राखणीची परंपरा आपल्या किनाऱ्याला नवी नाही. शहरात तिला पगार जोडावा लागेल, इतकेच.

आपल्याकडून मला तीन गोष्टींचे उत्तर हवे आहे. येत्या अर्थसंकल्पात खाडी, कांदळवने आणि होल्डिंग पाँड यांवरचा सगळा खर्च एकाच शीर्षाखाली दाखवणार का, म्हणजे नागरिकाला तो शोधावा लागणार नाही? प्रत्येक होल्डिंग पाँडची मूळ खोली आणि आजची खोली पावसाळ्याआधी जाहीर करणार का? आणि दोन्ही सभागृहांत संयुक्त निधीचा ठराव कधी मांडणार? पहिल्या वर्षी रक्कम लहान असली तरी चालेल. सेशेल्सनेही लहान रकमेवरच सुरुवात केली.

ठरावाचा मसुदा, ठेवीचे नियम आणि लेखापरीक्षणाची पद्धत लिहून द्यायला मी तयार आहे. बँकेतले माझे काही निवृत्त सहकारीही मदत करतील. मानधन नको. पालिकेने एखादा अधिकारी नेमून बैठकीची तारीख कळवावी.

आपली,
ऐरोलीची एक करदाती नागरिक